बॉनेटखालचे कुलूप

पनवेल हे रस्त्यांनी घडविलेले गाव आहे. बोरघाटातून पुण्याकडे जाणारा जुना महामार्ग येथून जातो, कोकणातून गोव्याकडे उतरणारा महामार्ग येथूनच सुरू होतो आणि २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीपासून निघतो. १८५२ साली स्थापन झालेल्या येथील नगरपालिकेची २०१६ साली महानगरपालिका झाली, भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. परंतु घाट चढण्यापूर्वी व उतरल्यानंतर गाडी थांबविण्याचे ठिकाण ही पनवेलची जुनी ओळख अजून पुसली गेलेली नाही. या ओळखीच्या आश्रयानेच रस्त्याच्या कडेला गॅरेजे वाढली. शाळेचे शिक्षण बेताचे, पण कान तयार असलेल्या मिस्त्रींच्या पिढ्या तेथे पोसल्या गेल्या. इंजिनाचा आवाज ऐकून, धुराचा रंग पाहून आणि प्लगवरची काजळी बोटाने पुसून ते दोष सांगत. आणि बहुधा तो दोष खरा ठरत असे.

या मिस्त्रीच्या तोंडी अलीकडे एक नवे वाक्य आले आहे. चालकासमोरच्या फळ्यावर इंजिनाचे पिवळे चित्र पेटलेले असते, गाडी पिकअप घेत नाही आणि मालक बॉनेट उघडून उभा असतो. आत प्लॅस्टिकचे एक सपाट आवरण आणि तारांचे झुबके दिसतात. मिस्त्री क्षणभर पाहतो आणि म्हणतो, ‘गाडी कंपनीत न्या.’ ज्या हातांनी आजवर हजारो इंजिने खोलली आणि जोडली, ते हात असे मागे का घ्यावे लागतात? मिस्त्री अडाणी राहिला म्हणून, की त्याला लागणारे ज्ञान कोणी कुलपात ठेवले आहे म्हणून? या प्रश्नाचे उत्तर मिस्त्रीच्या पोटापाण्याइतकेच पनवेलच्या हवेशीही निगडित आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की जुन्या इंजिनाविषयी वाटणारी हळहळ बऱ्याच अंशी भाबडी आहे. कार्ब्युरेटर हे मुळात अत्तराच्या फवाऱ्यासारखे साधे साधन. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाऊ लागली, की तेथील दाब उतरतो आणि बारीक छिद्रातून, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत जेटमधून, पेट्रोल आपोआप खेचले जाते. हे साधन स्वस्त होते, स्क्रू-ड्रायव्हरने जमविता येत होते. परंतु त्याला बुद्धी नव्हती. सकाळी इंजिन थंड असले, की चोक ओढावा लागे. मुंबईच्या पातळीवर जमविलेले मिश्रण लोणावळ्याला सहाशे मीटरांवर, विरळ हवेत, जड होई आणि गाडी काळा धूर ओकू लागे. कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी भर उन्हात बोरघाट चढू लागली, की इंजिनाच्या धगीने पेट्रोलची नळीतच वाफ होई. पंप नुसती वाफ ओढत राही आणि गाडी मध्येच बंद पडे. मग पंपावर ओले फडके टाकून स्वस्थ बसणे एवढाच उपाय उरे. ज्यांना त्या काळाचे गोडवे गावयाचे असतील, त्यांनी हे ओले फडकेही आठवावे.

कार्ब्युरेटर मात्र घाटात हरला नाही. त्याला हरविले ते रसायनशास्त्राने. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. ती थोडी अधिक झाली, तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम या मौल्यवान धातूंचा मुलामा दिलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या तिन्ही विषांचा एकाच वेळी निचरा करू शकतो. पण त्याची अट कडक आहे. हवा आणि इंधन यांचे प्रमाण त्या १४.७ च्या अगदी निकट राखले गेले पाहिजे. थंडी, उकाडा, चढ, उतार आणि गर्दी यांतून जाताना हे प्रमाण सतत सांभाळणे गळ्याच्या व छिद्राच्या आवाक्यातले नव्हते.

भारतात या परिवर्तनाला कायद्याने गती दिली. १९९५ च्या एप्रिलपासून महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आवश्यक झाला. शिसे या कन्व्हर्टरचा नाश करते, म्हणून २००० च्या फेब्रुवारीपर्यंत देशभरातील पेट्रोल शिसेमुक्त करण्यात आले. १९८३ च्या डिसेंबरमध्ये कार्ब्युरेटर घेऊन रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये २००० साली इंधन फवारण्याची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. त्यानंतर भारत स्टेजचे टप्पे एकामागून एक आले. चौथा टप्पा २०१० साली मुंबई-पुण्यासह काही शहरांत व २०१७ साली सर्व देशात लागू झाला. आणि पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून सहावा अमलात आला. इंधनातील गंधकाचे प्रमाण या शेवटच्या उडीत दशलक्षात ५० भागांवरून १० वर आणले गेले. जुनी यंत्रणा राखून हे साधले नसते. गाडीतला संगणक हा स्वच्छ हवेच्या आग्रहातून जन्मलेला आहे, ही गोष्ट त्याच्यावर रोष धरणाऱ्यांनी विसरू नये.

हा संगणक करतो तरी काय? गॅरेजांत त्याला ईसीएम म्हणतात. आजच्या मोटारीत चालकाचा पाय हवेची झडप थेट उघडत नाही. पेडल केवळ इच्छा कळविते. त्याच वेळी इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब आणि उष्णता, थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान, क्रँकशाफ्टची नेमकी स्थिती आणि गती यांची वार्ता निरनिराळे सेन्सर पाठवीत असतात. ईसीएम आपल्या स्मृतीतील कोष्टके पाहून किती हवा येत आहे याचा हिशेब करतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवितो. हा वेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरसाठी सेकंदाला पंचवीस वेळा हा निर्णय होतो. ठिणगी कोणत्या क्षणी पाडावयाची, तेही तोच सांगतो. इंजिनात ठोके पडू लागल्याचे सेन्सरने कळविले, तर ठिणगी किंचित उशिरा पाडतो. शेवटी धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर जळून गेलेल्या वायूत प्राणवायू किती उरला याची साक्ष देतो आणि त्या साक्षीनुसार पुढचा हिशेब दुरुस्त होतो. जुना मिस्त्री महिन्यातून एकदा ट्यूनिंग करीत असे. हे ट्यूनिंग अखंड चालू असते. पेट्रोलचा पंपही आता टाकीत बसलेला असून, तो नळीत वातावरणाच्या कित्येक पट दाब राखतो. त्यामुळे बोरघाटातील वाफेचा प्रश्न उरला नाही. ते ओले फडके इतिहासजमा झाले.

कळंबोलीच्या लोखंडबाजारात माल उतरविणाऱ्या ट्रकांची कथा आणखी पुढची आहे. पूर्वी डिझेलचा पंप मोजमाप करी आणि नोझल दाब ओलांडताच उघडे. आता एकाच जाड नळीत वातावरणाच्या दोन हजार पटींपर्यंत दाबाने डिझेल साठविलेले असते आणि एका ज्वलनासाठी ते दोन-तीन किंवा अधिक तुटक फवाऱ्यांत सोडले जाते. धुरातली काजळी गाळणीत अडकते आणि ठरावीक अंतराने ती तेथेच जाळावी लागते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर युरियाचे द्रावण फवारले जाते. ते द्रावण संपले किंवा अशुद्ध निघाले, तर ईसीएम गाडीची ताकदच कमी करतो. या व्यवस्थेत केवळ पाना आणि हातोडी घेऊन शिरणाऱ्याचा निभाव लागणार नाही, हे उघड आहे.

म्हणूनच प्रश्न यंत्राच्या गुंतागुंतीचा आहे, असे वरवर वाटते. परंतु गुंतागुंत आणि गुप्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. खरे पाहता संगणकाने दोष शोधणे सोपे केले आहे. कारण आपण कोठे अडलो हे तो स्वतःच लिहून ठेवतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांची एक खोबणी असते. तिला स्कॅनर जोडला, की दोषाचे सांकेतिक क्रमांक दिसतात आणि यांतील पुष्कळसे क्रमांक जगभर समान आहेत. मिश्रण प्रमाणापेक्षा पातळ आहे, अमुक सिलिंडर मिसिंग करतो, एवढे एखादा स्वस्त स्कॅनरही सांगू शकतो. पनवेलमधल्या हुशार पोरांनी ते आत्मसातही केले आहे. कुलूप लागते ते त्यापुढे. कंपनीने स्वतःपुरते राखलेले क्रमांक, वायरिंगचे नकाशे, नवा इंजेक्टर बसविल्यावर त्याचा अंक ईसीएमला शिकविणे, काजळीची गाळणी मुद्दाम जाळून मोकळी करणे, किल्ली आणि ईसीएम यांची ओळख पटविणे या सर्व गोष्टींसाठी बहुधा कंपनीचे स्वतःचे उपकरण आणि तिची परवानगी लागते. भाग हातात आहे, तो बसविण्याचे कसब आहे, पण तो बसला असे गाडीला सांगण्याचा अधिकार नाही, अशी ही विलक्षण अवस्था आहे.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. ईसीएमचे दार उघडे टाकले, तर चोर किल्ल्या तयार करतील, हौशी लोक ताकद वाढविण्यासाठी कोष्टके बदलतील आणि खर्च वाचविण्यासाठी काजळीची गाळणी काढून टाकून ती आहेच असे संगणकाला पढविले जाईल, असे त्या म्हणतात. असे प्रकार घडतात, हे खरे आहे. परंतु निदानासाठी माहिती वाचणे आणि मूळ आज्ञावली बदलणे यांत भेद करता येतो. घराची चावी भाडेकरूला दिली म्हणजे भिंती पाडण्याचा अधिकार दिला, असे होत नाही. ओळख पटवून, नोंद ठेवून आणि माफक शुल्क घेऊन ही साधने देता येतात. युरोपीय संघाने २००७ च्या नियमाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र दुरुस्तीकारांना देणे बंधनकारक केले, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली तसा कायदा केला. तेथील मोटारउद्योग त्यामुळे बुडाला नाही.

आणि कुलूप लावले म्हणजे आत प्रामाणिकपणा सुरक्षित राहतो, या समजुतीला तर २०१५ च्या सप्टेंबरात मोठाच तडा गेला. फोक्सवॅगन या जगद्विख्यात कंपनीच्या डिझेल गाड्यांतील ईसीएम प्रयोगशाळेतील चाचणी चालू आहे हे ओळखत होता आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवीत होता, असे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उघड केले. रस्त्यावर मात्र नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात होते. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती, हे कंपनीने स्वतः मान्य केले. भारतातही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याची घोषणा तिला करावी लागली. हा कावा उघड होण्यास कारण झाले ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील काही संशोधक. त्यांनी गाडीला मोजमापाचे यंत्र बांधून ती सरळ रस्त्यावर चालविली. बंद पेटीत काय लिहिले आहे हे बाहेरच्या कोणालाच वाचता येऊ नये, ही व्यवस्था नागरिकाच्या हिताची नसते, हाच त्याचा धडा आहे.

आपल्या देशात या प्रश्नाचा निवाडा झालेलाच नाही, असेही नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपये दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देऊन या कंपन्यांनी बाजारातील आपल्या स्थानाचा दुरुपयोग केला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. ही साधने उपलब्ध करून द्यावीत आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असेही आयोगाने बजावले. पुढे प्रकरण अपिलांत आणि न्यायालयांत गेले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली आणि एक पोर्टलही सुरू केले. त्यात मोटारींचा समावेश आहे. पण माहिती किती द्यावयाची हे मुख्यतः कंपन्यांच्या मर्जीवर सोपविलेले आहे. आयोगाचा आदेश निघून दशक उलटले, तरी महामार्गावरील मिस्त्री ‘कंपनीत न्या’ असेच म्हणत असेल, तर न्याय कागदावरच राहिला म्हणावे लागेल.

याची किंमत शेवटी कोण देतो? नवी गाडी वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या कार्यशाळेत जाते. त्यानंतर ती दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाते आणि तिची खरी देखभाल लहान गॅरेजांतच होते. गाडीचे प्रदूषणही नेमके याच उत्तर वयात वाढते; ऑक्सिजन सेन्सर मंदावतो, कन्व्हर्टर थकतो, इंजेक्टर गळू लागतो. त्या वेळी निदान करणाऱ्याच्या हाती साधन नसेल, तर तो दोन मार्गांनी जाणार. अंदाजाने एकेक भाग बदलीत मालकाचा खिसा रिकामा करील, अथवा पिवळा दिवा विझवून गाडी परत देईल. दिवा विझला, तरी विष बाहेर पडतच राहते. पी.यू.सी.ची तपासणी हा दोष बहुधा पकडणार नाही. कारण तेथे उभ्या गाडीचा मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन किंवा डिझेलचा धूर मोजला जातो, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. अब्जावधी रुपये खर्चून इंधन शुद्ध करावे, इंजिने बदलावीत आणि अखेरची कडी मात्र अंधारात ठेवावी, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

इथेनॉलच्या धोरणाने ही निकड वाढविली आहे. २०२३ पासून पंपांवर येऊ लागलेले वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर पोचले. उसाच्या महाराष्ट्राला त्याचा लाभ आहे, हे उघडच आहे. परंतु इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते. एका किलोला सुमारे नऊ किलो. वीस टक्के मिश्रणात १४.७ चे प्रमाण साडेतेराच्या आसपास उतरते. ईसीएम ऑक्सिजन सेन्सरच्या साक्षीने इंधन वाढवून हा फरक एका मर्यादेपर्यंत भरून काढतो. जुन्या गाडीत याच वेळी एखादी नळी चिरलेली असेल किंवा सेन्सर थकलेला असेल, तर तिन्ही कारणांचे बाह्य लक्षण सारखेच दिसते. गाडी अॅव्हरेज देत नाही आणि दिवा पेटतो. यांतले खरे कारण कोणते, हे ईसीएमच्या आकड्यांत शिरल्याशिवाय कळत नाही. धोरण एका दिवसात बदलता येते. पण रस्त्यावरील जुन्या गाड्या त्या धोरणाशी जुळवून घेण्याचे काम गॅरेजलाच करावे लागते.

विशेष खंत अशी, की हे ज्ञान परदेशात दडलेले नाही. बोरघाट चढून गेले, की पुण्यात १९६६ पासून कार्यरत असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही चाचणी संस्था आहे; पिंपरी-चाकणला मोटारी तयार होतात; नाशिकला डिझेल इंजेक्टरांचा जुना कारखाना आहे. ज्या राज्यात ही इंजिने घडविली, मोजली आणि प्रमाणित केली जातात, त्याच राज्यातील पनवेलच्या मिस्त्रीला ती परकी वाटावीत, यात व्यवस्थेचा दोष आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकविला जातो. परंतु पंधरा-वीस वर्षे पान्यावर काढलेल्या माणसाला पुन्हा विद्यार्थी होण्याची सोय कोठे आहे? त्याच्यासाठी सायंकाळचे काही महिन्यांचे वर्ग, मराठीतील पाठ्यपुस्तके आणि हाताळण्यासाठी चालू इंजिने मिळाली, तर कान आणि आकडा यांची सांगड घालणारा कारागीर तयार होईल. कान निरुपयोगी ठरलेला नाही. स्कॅनर मिश्रण पातळ असल्याचे सांगतो. हवा कोठून शिसते आहे, हे आजही अनुभवी कानच शोधतो.

शासनाने करावयाच्या गोष्टी फार नाहीत. निदानाची आणि जोडणीची माहिती वाजवी शुल्कात देणे कायद्याने बंधनकारक करावे. चोरीशी संबंधित भाग नोंदणीकृत गॅरेजांपुरता मर्यादित ठेवावा आणि आज्ञावलीत ढवळाढवळ करणाऱ्याला कठोर शिक्षा असावी. पी.यू.सी. केंद्रावर धुराड्यात नळी घालण्याबरोबरच त्या सोळा पिनांच्या खोबणीतून गाडीची स्वतःची साक्षही वाचली जावी. यांतील एकाही गोष्टीसाठी नवा शोध लावावा लागत नाही. मोटार ज्याने विकत घेतली, तिच्या पोटात काय बिघडले आहे हे जाणण्याचा हक्कही त्यानेच विकत घेतलेला असतो. तो हक्क मान्य झाला, तर घाटाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मालकाला पनवेलमध्येच नीट उत्तर मिळेल आणि त्या गाडीमागून चालणाऱ्याला श्वास घेताना नाकाला रुमाल लावावा लागणार नाही.